आग कोणाच्या चुलीतून लागली?

हातातलं काम ठेवायची गरज नाही. भाकरी थापत, शेंगा फोडत, तांदूळ निवडत ऐकलंत तरी चालेल. आज आपल्याला फार लांब जायचं आहे, पण एसटीचं तिकीट काढायचं नाही की घरी कुणाला विचारायचं नाही.

आजचं शहर आहे तुर्कू. देश फिनलंड. युरोपच्या पार वरच्या अंगाला, एका बाजूला स्वीडन आणि दुसऱ्या बाजूला रशिया, त्यांच्या मधला हा देश. नदीकाठचं जुनं बंदर आहे हे. मी तिथे गेलेले नाही. नकाशा समोर ठेवून, वाचून, फोटो पाहून हे शहर मी गल्ली गल्लीने फिरले आहे आणि आज तुम्हाला तसंच फिरवून आणणार आहे.

एवढ्या शहरांमधून तुर्कूच का, तर तिथे लागलेल्या एका आगीमुळे. गावात आग लागली की पहिला प्रश्न काय येतो? चूल कुणाची होती? कुठल्या बाईच्या हातून झालं? दोनशे वर्षांपूर्वी तुर्कूतही लोक हेच बोलले. ती बाई कोण होती आणि शहर खरं कशामुळे जळालं, हे आज पाहू. पण आधी शहर तर पाहू या.

जुन्या काळी लोक यायचे तसं आपण समुद्राकडून येऊ. तुर्कूच्या समोर समुद्रात वीस हजारांहून जास्त बेटं आहेत. काही बेटांवर गावं आहेत, शेती आहे, दगडी चर्च आहे. काहींवर एखादंच घर. आणि कित्येक बेटं म्हणजे पाण्याबाहेर डोकावणारा नुसता खडक, त्यावर समुद्रपक्षी बसलेले.

ही बेटं आली कुठून? हजारो वर्षांपूर्वी या सगळ्या भागावर बर्फाचा थर होता, दोन-तीन किलोमीटर जाडीचा. त्या ओझ्याखाली जमीन दबली. पुढे बर्फ वितळला, ओझं उतरलं, आणि दबलेली जमीन हळूहळू वर येऊ लागली. डोक्यावरची जड पाटी खाली ठेवल्यावर आपली मान जशी हळूहळू सरळ होते, तसंच. अजूनही ही जमीन वर येतेच आहे. तुर्कूच्या भागात शंभर वर्षांत साधारण एक हात. त्यामुळे आजीने जिथे होडी बांधली, तिथे नातवंडांच्या काळात गवत उगवलेलं दिसतं.

या बेटांवर जगणं सोपं नव्हतं. थोडीशी शेती, चार गुरं आणि बाकी सगळं मासळीवर. तिथे सिलाक्का नावाचा छोटा मासा मिळतो. तो मिठात खारवून लाकडी पिंपात भरायचा आणि होडीतून तुर्कूला नेऊन विकायचा. हिवाळ्यात समुद्र गोठतो. बर्फ जाड झाला की लोक बर्फावरून घसरगाडीने शहरात जात. पण खरी अडचण असे ती मधल्या दिवसांत. बर्फ इतका पातळ की माणूस पेलत नाही, आणि इतका दाट की होडी चालत नाही. तेव्हा बेटावरची माणसं जागच्या जागी अडकायची. मीठ, पीठ, दिव्याचं तेल, सगळं घरात आधीच भरून ठेवावं लागायचं. पावसाळ्याआधीची बेगमी आपल्याला सांगायला नको. पुरुष होड्या घेऊन बाहेर असत, तेव्हा शेत, गुरं, जाळी आणि ही बेगमी, सारं बायकांच्या अंगावर असे.

आज तिथल्या मोठ्या रस्त्यांवर बेटाबेटांमध्ये पिवळ्या रंगाच्या सरकारी फेरीबोटी चालतात. त्यांना तिकीट नाही. सरकारच्या लेखी ती बोट म्हणजे रस्त्याचाच तुकडा, मग रस्त्यावर चालायचे पैसे कसे घ्यायचे? हे वाचलं तेव्हा मला पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या आपल्या वाड्या-वस्त्या आठवल्या.

शहरात शिरण्याआधी जरा बाजूला वळू. तुर्कूपासून पंधरा-वीस किलोमीटरवर समुद्रकाठी नान्ताली नावाचं छोटं गाव आहे. पंधराव्या शतकात तिथे एक ख्रिस्ती मठ होता. मठातल्या जोगिणींकडून विणकाम गावात आलं असं मानतात. पुढे देशाचा धर्मपंथ बदलला, मठ बंद पडला आणि मठाच्या आधाराने चालणारं गाव उघड्यावर आलं. तेव्हा या गावाला तारलं ते सुयांवर विणलेल्या लोकरीच्या पायमोज्यांनी. घरोघरी मोजे विणले जायचे आणि जहाजाने परदेशी बाजारात जायचे. पुरुषही विणायला बसत. मोठ्या राजांच्या इतिहासात या मोज्यांना एखादी ओळ मिळते, पण शेदीडशे वर्षं त्या गावाचं पोट या मोज्यांनी भरलं आहे.

आता नदीच्या मुखाशी येऊ. नदीचं नाव औरा. फिनिश भाषेत औरा या शब्दाचा एक अर्थ नांगर असाही आहे. नदी लहानच, साधारण सत्तर किलोमीटर लांबीची. चिकणमातीच्या शेतांतून वाहते, म्हणून पाणी गढूळ, तपकिरी. मुखाशी दगडी किल्ला आहे. १२८० च्या सुमारास तो बांधायला घेतला. तेव्हा फिनलंडवर स्वीडनच्या राजाचं राज्य होतं. किल्ला बांधला तेव्हा तो बेटावर होता, चारी बाजूंनी पाणी. जमीन वर येत गेली, पाणी हटलं, आणि आज किल्ल्याभोवती कोरडी जमीन आहे.

तुर्कू या नावाचा अर्थच बाजार. आपल्याकडे पेठ म्हणतात, तसं. समुद्रातून मीठ, कापड, लोखंड यायचं. आतल्या गावांतून धान्य, लोणी, कातडी, लाकूड यायचं. आणि नदीकाठी दोन्ही एकमेकांना भेटायचं. आजही तिथे शरद ऋतूत मासळीचा मोठा बाजार भरतो. बेटांवरच्या होड्या काठाला लागतात आणि होडीतूनच खारवलेली मासळी आणि बेटांवरचा गोडसर काळा पाव विकला जातो.

नदीकाठाने वर चालत गेलं की एक गमतीची बोट दिसते. नाव फ्योरी. १९०४ पासून ती या काठावरून त्या काठावर जाते आणि परत येते, दिवसभर, फुकट. पूर्वी वाफेवर चालायची, आता विजेवर चालते. सायकलवाले, म्हातारी माणसं, शाळेची पोरं, सगळे तिच्यातून जातात. नदीचं पात्र छोटं आहे, पुढे पूलही आहेत, तरी शहराने ही बोट टिकवली आहे.

किल्ल्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर शहराचं मोठं चर्च, कॅथेड्रल. १३०० साली त्याचा अभिषेक झाला. फिनलंडमधलं ते सर्वात महत्त्वाचं चर्च मानतात. आत एका बाजूला एका राणीची समाधी आहे, तिथे थांबू.

तिचं नाव करीन मोन्सडॉटर. डॉटर म्हणजे मुलगी, मोन्सची मुलगी. वडील साधे शिपाई. राजघराण्यात ती नोकरीला होती. स्वीडनचा राजा एरिक चौदावा याचं मन तिच्यावर बसलं आणि १५६८ मध्ये त्याने तिच्याशी रीतसर लग्न करून तिला राणीचा मुकुट घातला. दरबारातल्या बड्या घराण्यांना हे मुळीच रुचलं नाही. राजाचं त्यांच्याशी आधीच वैर होतं आणि त्याचं डोकंही ठिकाणावर राहत नव्हतं. त्याच वर्षी भावाने त्याला गादीवरून खाली ओढलं. राणी काही महिन्यांतच कैदी झाली. १५७० साली नवरा-बायकोला तुर्कूच्या याच किल्ल्यात आणून ठेवलं. पुढे तिला नवऱ्यापासून तोडलं. मुलगाही हिरावून घेतला. नवरा कैदेतच वारला. त्यानंतर तिला फिनलंडमध्येच एक जमीनवाडा देण्यात आला. तिथे तिने तीस-पस्तीस वर्षं शेतीवाडीचा कारभार पाहिला. १६१२ मध्ये ती गेली आणि तिला या चर्चमध्ये पुरलं.

एरिकच्या पडझडीची कारणं मोजताना दरबारी लोक करीनकडे बोट दाखवत, शिपायाच्या पोरीला राणी केलं म्हणून. राजाच्या चुका होत्या, भावाची महत्त्वाकांक्षा होती, बड्या घराण्यांचं वैर होतं. पण बोट दाखवायला खालून आलेली बाई सगळ्यात सोपी. हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या गोष्टीत हेच पुन्हा दिसणार आहे.

आता येऊ आगीकडे. १८०९ मध्ये फिनलंड स्वीडनकडून रशियाच्या झारकडे गेलं. १८१२ मध्ये झारने राजधानी तुर्कूहून हेलसिंकीला हलवली. तरीही तुर्कू हेच देशातलं सर्वात मोठं शहर होतं. १६४० मध्ये सुरू झालेलं विद्यापीठ तिथेच होतं.

४ सप्टेंबर १८२७. रात्रीचे नऊ वाजायला आले होते. शहराच्या टेकडीकडच्या भागात एका व्यापाऱ्याच्या घराला आग लागली. वारा सोसाट्याचा होता. पाहता पाहता एक आळी पेटली, मग दुसरी. ठिणग्या उडून नदीपलीकडे गेल्या आणि मध्यरात्रीच्या आत पलीकडचा चर्चचा भागही पेटला. दुसऱ्या दिवशी लोकांनी पाहिलं तर चार भागांतलं तीन भाग शहर जळालेलं. सत्तावीस माणसं गेली, शेकडो भाजली, जखमी झाली. सुमारे अकरा हजार लोक उघड्यावर आले. फिनलंडच्या इतिहासात एवढी मोठी शहरी आग दुसरी झाली नाही.

विद्यापीठाचं ग्रंथालयही जळालं. हजारो पुस्तकांची राख झाली. जी थोडी वाचली, ती बहुतेक लोकांनी वाचायला घरी नेलेली होती. कपाटात सांभाळून ठेवलेली गेली आणि हातोहात फिरणारी राहिली.

मग सुरू झालं, आग लागली कशी? त्या व्यापाऱ्याच्या घरी एक मोलकरीण होती. ती त्या रात्री चुलीवर जनावराची चरबी वितळवत होती, तिचा भडका उडाला, असं लोक सांगू लागले. त्या काळी मेणबत्तीसाठी चरबी लागायची आणि ती वितळवणं हे मोलकरणीचंच काम. गोष्ट तोंडातोंडी पसरली आणि शहराच्या आठवणीत घट्ट बसली. दोनशे वर्षं होत आली तरी आगीची गोष्ट निघाली की त्या मोलकरणीची गोष्ट निघते.

मैत्रिणींनो, समजा ठिणगी तिच्याच चुलीतून उडाली. पण चरबी तर शहरातल्या प्रत्येक मोठ्या घरात वितळवली जायची. वर्षानुवर्षं. मग त्याच रात्री शहर का जळालं?

इतिहासाची पानं उलटली की कारणं एकेक करून समोर येतात. घरं लाकडाची आणि एकमेकांना चिकटून. गल्ल्या अरुंद, म्हणजे एका छपरावरून ठिणगी सहज दुसऱ्या छपरावर. तो उन्हाळा कोरडा गेलेला, लाकूड वाळून कडकडीत. त्यात वादळी वारा. आणि वर एक मोठी गोष्ट, त्या दिवसांत ताम्पेरे गावची मोठी जत्रा होती. व्यापारी, कारागीर, धडधाकट माणसं मोठ्या संख्येने जत्रेला गेलेली. आग विझवायला, बादल्या द्यायला, छपरं पाडून आगीची वाट तोडायला शहरात पुरेसे हातच नव्हते.

आता सांगा, गल्ली किती रुंद ठेवायची हे मोलकरणीने ठरवलं होतं का? घरं खेटून बांधायची परवानगी तिने दिली होती का? सगळे जत्रेला जात असताना मागे राखणीला कोण, हे तिला कुणी विचारलं होतं का? ठिणगी एका चुलीतून उडते. शहर जळायला मात्र बरीच वर्षं आधीपासून चुकीची कामं व्हावी लागतात, आणि ती कामं चुलीपुढे बसलेल्या बाईची नसतात.

आगीनंतर शहराच्या कारभाऱ्यांनी जे केलं, त्यावरून त्यांनाही हे कळलं होतं असं दिसतं. नवा आराखडा कार्ल लुडविग एंगेल या वास्तुकाराने केला. हेलसिंकीतल्या मोठ्या इमारती बांधणारा तोच. त्याने रस्ते रुंद केले. घराघरांत अंतर सोडायला लावलं. मध्ये झाडं लावायला सांगितली, म्हणजे आग अडेल आणि ठिणगीला पुढची उडी घेता येणार नाही. आज तुर्कूच्या मध्यभागी सरळ, रुंद रस्ते दिसतात ते याच आराखड्यामुळे. म्हणजे कारभाऱ्यांनी दुरुस्ती रस्त्यांची केली, आणि लोकांच्या तोंडी दोष मात्र मोलकरणीचाच राहिला.

आणखी एक काम झालं. १८३२ मध्ये फिनलंडच्या शहरांनी मिळून आगीच्या नुकसानीसाठी एक विमा संस्था उभी केली. सगळ्यांनी थोडं थोडं भरायचं आणि ज्याचं जळेल त्याला त्यातून उभं करायचं. आपल्या गटातल्या बाईला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपण दर महिन्याला हप्ता भरतो तेव्हा याच विचारावर भरतो.

आता शहराच्या कडेला जाऊ. तिथे एक टेकडी आहे, लुओस्तारिनमाकी, म्हणजे मठाची टेकडी. तिच्या उतारावर छोटी छोटी लाकडी घरं आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इथे हातावर पोट असलेली माणसं राहायची. सुतार, शिंपी, चांभार, खलाशी, विधवा बायका. एकेका खोलीत आख्खं कुटुंब. अंगण सामाईक, बाहेरचा दगडी रस्ता उंचसखल. १८२७ च्या आगीत व्यापाऱ्यांची मोठी घरं गेली, विद्यापीठ गेलं, चर्चचा मनोरा जळाला. ही वस्ती वाचली.

नव्या आराखड्यात या दाटीवाटीच्या घरांना जागा नव्हती, ती पुढे-मागे उठवायचीच होती. पण नवं घर बांधायला पैसा कुठे होता? माणसं तिथेच राहत गेली, घरं डागडुजी करत टिकवत गेली. होता होता शंभर वर्षं झाली आणि शहराच्या लक्षात आलं की आगीआधीचं तुर्कू पाहायचं तर ही एकच वस्ती सलग उरली आहे. १९४० मध्ये तिथे हस्तकलांचं संग्रहालय उघडलं. घरं दुसरीकडून आणून मांडलेली नाहीत, जिथे होती तिथेच आहेत. एका घरात चांभाराची हत्यारं, दुसऱ्यात शिंप्याचं टेबल, कुठे माग, कुठे पावाची भट्टी. उन्हाळ्यात कारागीर बसून काम करून दाखवतात. आज देशोदेशीचे पाहुणे तुर्कूला येतात आणि ज्यांच्या घरांना नकाशात जागा नव्हती त्यांचीच घरं बघायला तिकीट काढतात.

राहता राहिली मोलकरीण. त्या रात्रीनंतर तिचं काय झालं हे गोष्टीत सहसा येत नाही. पण तिच्यासारख्या कामवाल्या बायांचं पुढे काय झालं हे सांगता येतं. फिनलंडमध्ये १९०६ साली बायकांना मतदानाचा हक्क मिळाला, आणि निवडणूक लढवण्याचाही. दोन्ही हक्क सगळ्या बायकांना देणारा तो जगातला पहिला देश. १९०७ च्या निवडणुकीत दोनशे जागांपैकी १९ जागांवर बाया निवडून आल्या. त्यांत एक होती मिना सिल्लानपा. बारा वर्षांची असताना कारखान्यात कामाला लागली, मग कित्येक वर्षं लोकांच्या घरी मोलकरीण होती. मोलकरणींना एकत्र करून त्यांची संघटना चालवली. कामाचे तास, सुट्टी, पगार, राहायची जागा यावर ती बोलत राहिली. १९२६ मध्ये ती मंत्री झाली, फिनलंडची पहिली महिला मंत्री.

म्हणजे १८२७ मध्ये ज्या मोलकरणीबद्दल सगळे बोलले, तिच्यानंतर ऐंशी वर्षांनी त्याच देशात एक मोलकरीण कायदा करायला बसली. हे आपोआप झालेलं नाही. कामवाल्या बाया आधी एकमेकींना भेटल्या, वर्गणी काढली, सभा घेतल्या, आपलं म्हणणं कागदावर उतरवलं.

आपल्या गावाचं बोलू. कडब्याची गंजी घराला लागून रचलेली असते. गोठ्यावरून विजेची उघडी वायर गेलेली असते. टँकर किंवा बंब आत येईल एवढी बोळात जागा नसते. अशा ठिकाणी एखाद्या दिवशी आग लागली, तर गाव म्हणेल, अमकीच्या चुलीतून लागली. म्हणून पुढच्या मासिक बैठकीत हप्ते आणि कर्जाचा हिशोब झाला की दहा मिनिटं जास्त बसा. आपल्या आळीतल्या अशा जागा एकेकीने सांगा. सचिव ताईंनी त्या वहीत लिहून घ्या. तीच यादी ग्रामसभेत ठेवा आणि इतिवृत्तात नोंद झाली का हे वाचून घ्या. वायर कुणी हलवायची, गंजी कुठे रचायची, बोळ कुणी मोकळा करायचा, हे आग लागायच्या आधी ठरलेलं बरं. आणि नोंद असली म्हणजे उद्या कुणी नुसतं चुलीकडे बोट दाखवू शकणार नाही.

तुमच्या गावात जुनी आग, पूर, दरड अशी एखादी आठवण असेल आणि तिचा दोष एखाद्या बाईवर आला असेल, तर ती गोष्ट जुन्या जाणत्या बायांना विचारून लिहून ठेवा. त्या दिवशी वारा कसा होता, पाणी कुठे होतं, माणसं कुठे गेली होती, हे सगळं विचारा. गटाच्या बैठकीत वाचून दाखवा आणि आमच्याकडेही पाठवा. पुढच्या भागात त्या ऐकू. तोवर नमस्कार.